शेतातला खांब बोलेनासा झाला तर



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदाने उभे राहून विचारले, "साहेब, त्या शेतातल्या डबड्यांचं काय झालं? चालतात, का नुसती बगळ्यांना बसायला उभी केलीत?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्या वेळी सभेपुढे त्याचे नीट उत्तर आम्हाला देता आले नाही, हेही खरे. ते उत्तर या अंकात देत आहोत. थोडे लांबेल, कारण त्यात आमच्या खात्याच्या चुकाही सांगायच्या आहेत.

ज्यांच्या रानात हे खांब नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. उसाच्या मुळांजवळ दोन खोलींवर जमिनीची ओल मोजणाऱ्या कांड्या पुरलेल्या असतात. त्यांची वायर खांबावरच्या पेटीत जाते. पेटीत एक बॅटरी, वर तळहाताएवढे सौर पॅनेल आणि बोटभर अँटेना. ही पेटी दर तासाला चार-दोन आकडे बिनतारी पाठवते. गट ऑफिसवर बसवलेले मोठे यंत्र, ज्याला गेटवे म्हणतात, ते आकडे पकडते, आणि तिथून एका मोबाइल सिमवरून ते कारखान्याच्या संगणकात व सभासदाच्या फोनवर येतात. हे बोलणे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. कमी शक्तीच्या यंत्रांना या पट्ट्यात परवाना लागत नाही, तसे केंद्र सरकारचे २०२१ चे नियम आहेत. म्हणजे खांबागणिक बिल नाही की रिचार्ज नाही. योजना चांगली आहे. आमचे आजही तेच मत आहे.

आता मूळ दुखणे सांगतो. २०२३ साली जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागणीबरोबर आपण तीन गटांत हे खांब उभे केले. २०२४ च्या एप्रिलमध्ये एका सभासदाच्या फोनवर रोज एकच निरोप दिसत होता : ओल पुरेशी आहे. उन्हाळा कडक, विहिरीने तळ गाठलेला, कॅनॉलची पाळी मोठ्या मुश्किलीने आलेली. ओल आहे म्हणतात तर उगीच कशाला, म्हणून या गृहस्थाने भल्या मनाने आपली पाळी शेजाऱ्याला सोडली. पाच-सहा दिवसांनी उसाची पाने सुरळी होऊ लागली. त्याने आम्हाला बोलावले. आम्ही बांधावर बसून कुदळीने वीतभर माती उकरली, तर खाली फुफाटा! पेटी उघडली. ती अकरा दिवसांपूर्वीच बंद पडलेली. आणि संगणक मात्र शेवटचा आलेला आकडा रोज इमानेइतबारे दाखवत होता.

"साहेब, नुसतं बोट मातीत घातलं असतं तरी कळलं असतं," एवढेच तो म्हणाला. रागावला असता तर बरे झाले असते. पुढची पाळी येईपर्यंत त्या फडाची जी वाढ खुंटली ती काही परत आली नाही. उसाची कांडी एकदा आखूड पडली की पुढे कितीही पाणी द्या, ती लांब होत नसते.

पेटी बंद का पडली, तर खांब छातीइतक्या उंचीचा, आणि नऊ महिन्यांच्या उसाने पॅनेलवर सावली धरलेली. सौर पॅनेलमधले तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातल्या एकावर पानाची गडद सावली पडली तरी सगळ्या पॅनेलचा जोर बसतो. बॅटरी रोज थोडी थोडी उतरत गेली. हे कारण साधे आहे. लागणीच्या दिवशी जो खांब उसापेक्षा उंच असतो तो एप्रिलमध्ये ठेंगणा होतो, हे ऊस विकास खात्याला कुणी शिकवायला नको होते. तरी ते आमच्या लक्षात आले नाही.

परंतु खांब बंद पडणे ही दोन चुकांपैकी लहान चूक. मोठी चूक संगणकाच्या पडद्यावर होती. अकरा दिवसांपूर्वीचा आकडा आजचा म्हणून दाखवणे म्हणजे मागल्या बाजाराचा भाव आजच्या बाजारात सांगण्यासारखे आहे. ज्या आकड्याशेजारी तारीख-वेळ नाही त्यावर कुणी पाणी द्यायचे वा तोडायचे ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. आम्ही यंत्र पुरवणाऱ्यांकडे आग्रह धरला की खांब सहा तास गप्प राहिला तर आकडा काढून टाका आणि तिथे "खांब गप्प आहे, माती हाताने तपासा" असे लिहा. त्यांचा माणूस म्हणाला, "असं दाखवलं तर सिस्टीम खराब दिसते." आम्ही म्हटले, दिसू द्या. बरीच ओढाताण झाली. आता तसे लिहून येते. गप्प खांबाने फारसे नुकसान होत नाही, शिळे बोलणाऱ्याने होते.

त्यानंतर आम्ही काय केले? बांबू बांधून पॅनेले वर उचलली. पेटी आणि अँटेना मात्र होती तिथेच ठेवली. या अर्धवट दुरुस्तीचे फळ सप्टेंबरात मिळाले, ते पुढे येईलच.

बिनतारी यंत्र बिघडले की माणसे दोनच गोष्टी करतात. एक, पेटीला टपली मारणे. दोन, कंपनीला फोन लावणे. मधल्या मध्ये पाहण्यासारखे पुष्कळ असते आणि त्यातले बहुतेक आपल्यापैकी कुणालाही पाहता येते. ज्याने मोटरीच्या स्टार्टरमधला दोष शोधला आहे, त्याला हेही जमते. रीत तीच आहे.

पहिला प्रश्न असा की एक खांब गप्प आहे की सगळे? सगळे एकदम गप्प झाले तर रानात जाऊन चिखल तुडवण्यात अर्थ नाही. दोष गट ऑफिसात आहे. आमच्या एका गटात रोज रात्री दहाला सगळे खांब मुके होत आणि सकाळी सहाला बोलू लागत. कुणी म्हणाले दव पडते म्हणून, कुणी म्हणाले रात्री लहरी बदलतात. शेवटी चिटबॉयने शोध लावला. रात्रपाळीचा वॉचमन गेटवेची पिन काढून तिथे आपला मोबाइल चार्जिंगला लावत होता! बिचाऱ्याला ते कसले यंत्र आहे हे कुणी सांगितलेच नव्हते. म्हणजे तोही दोष आमचाच.

एकच खांब गप्प असेल तर बॅटरीपासून सुरुवात करावी. इथे एक फसगत आहे आणि ती तुम्हा सर्वांना माहीत आहे. विहिरीवर मीटर लावला तर व्होल्टेज पुरे दाखवतो, पण बटण दाबले की काटा खाली येतो आणि मोटर नुसती गुरगुरते. ह्या पेटीचेही तसेच. स्वस्थ असताना बॅटरी मापात दिसते. आकडा पाठवायच्या क्षणी तिच्यावर ओढ बसते आणि ती बसते. म्हणून मीटर लावून ठेवून पेटी आकडा पाठवेपर्यंत थांबावे, घाईने "बॅटरी ओके" असे वहीत लिहू नये. आमच्या माणसांनी तसे लिहिलेल्या तीन पेट्या नंतर बॅटरीनेच गेलेल्या निघाल्या.

बॅटरी चांगली असेल तर अँटेनाच्या जोडापाशी यावे. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त दोष याच वीतभर जागेत सापडले. पावसाचे पाणी जोडातून वायरीत उतरते, आतली तांब्याची जाळी हिरवी पडते, आणि वरून सगळे ठणठणीत दिसते. काळी चिकटपट्टी उन्हाने सुटते. तिच्या आत रबरी टेप ताणून गुंडाळावी लागते, जी स्वतःलाच चिकटून एकजीव होते. वायर पेटीत वरून न आणता खाली झोळ देऊन खालून वर न्यावी, म्हणजे थेंब झोळावरून गळून पडतो. हे काम पाच मिनिटांचे आहे. ते न केल्याने अख्खा खांब वाया जातो.

याच जोडाची आणखी एक गंमत. हे पितळी जोड दोन जातींचे येतात, दिसायला जुळे भाऊ. आटे एकमेकांत बरोबर बसतात, पण एका जोडीत मधली टाचणीच नसते. म्हणजे अँटेना घट्ट बसली असे हाताला वाटते आणि आत काही टेकलेलेच नसते. बाजारातून दोन अँटेना आणून आम्ही स्वतः असेच फसलो. खांब दीडशे मीटरपर्यंत बोलायचा, पुढे नाही. तसेच ४३३ मेगाहर्ट्झची अँटेना ८६६ वाल्या पेटीला लावली तरी ती चढते, पण तिचे माप वेगळे. ८६६ ची पाव लहर साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास भरते, ४३३ ची बरोबर दुप्पट. कांडीवरचे माप वाचून घ्यावे, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. आणि अँटेना काढून पेटी चालू करू नये. जोर बाहेर जायला वाट न मिळाल्याने आतला भाग जळण्याची भीती असते.

हे सर्व बरोबर असूनही खांब गप्प असेल, तर आम्ही आता एकच करतो. पेटी खांबावरून उतरवून मोटारसायकलवर गट ऑफिसपासून पन्नास-साठ पावलांवर आणतो. तिथे बोलली तर पेटी निर्दोष, दोष वाटेत आहे. तिथेही गप्प राहिली तर दोष पेटीत. एवढी साधी परीक्षा आम्हाला २०२४ च्या सप्टेंबरापर्यंत सुचली नाही, आणि त्या एका महिन्यात चांगल्या चार पेट्या खराब समजून बदलल्या गेल्या.

सप्टेंबरात झाले असे. गट ऑफिसपासून दीड-दोन किलोमीटरपलीकडचे खांब एकेक करून गळू लागले. पाऊस थांबला की थोडे बोलत, पडला की गप्प. पॅनेले वर होती, बॅटऱ्या भरलेल्या होत्या. तक्रार कंपनीकडे गेली, तिकडून पेट्या आल्या, पण फरक पडला नाही. पेटी ऑफिसच्या अंगणात आणली तेव्हा ती पहिल्या फटक्यात बोलली, आणि आमचे डोळे उघडले. वाट बंद झाली होती. वाट बंद केली होती उसाने.

याचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. आपल्याला वाटते की अँटेनाकडून अँटेनाकडे दोरीसारखी सरळ रेघ गेली म्हणजे झाले. तसे नसते. बिनतारी लहर दोन टोकांना निमुळत्या आणि मध्ये फुगलेल्या काकडीसारख्या जागेतून जाते, आणि त्या जागेचा निदान मधला साठ टक्के भाग मोकळा हवा. आपल्या पट्ट्यातील लहरीसाठी पाच किलोमीटरच्या वाटेत ही काकडी मध्यभागी रेघेपासून चोहोबाजूंना सुमारे २१ मीटर फुगते. म्हणजे १२-१३ मीटर मोकळीक पाहिजे. दोन किलोमीटरला १३ मीटर फुगवटा, आठेक मीटर मोकळीक. आता आपली स्थिती पाहा. गट ऑफिसच्या स्लॅबवर गेटवे सहा मीटरवर, रानातला खांब दीड मीटरवर. मधली रेघ जेमतेम पावणेचार मीटर उंचीवरून जाते. सप्टेंबरातला आडसाली ऊस साडेतीन मीटर! लहर उसाच्या शेंड्यांना घासत, आणि खांबाच्या टोकाला तर थेट फडातून चालली होती. ओले पान तिला आणखी गिळते. कंपनीच्या माणसाने पाहणी केली होती ती मे महिन्यात. हंगाम उरकलेला, रान मोकळे, त्याच्या यंत्रावर सगळे हिरवे. त्याने मे महिन्याचे खरे उत्तर लिहून दिले, आणि आम्ही ते वर्षाचे उत्तर म्हणून सही करून घेतले. जी पाहणी सप्टेंबरात झालेली नाही, ती उसाच्या पट्ट्यात पाहणी म्हणून धरू नये.

ही चूक सुधारण्याआधी आम्ही आणखी एक करून बसलो. दूरचे खांब ऐकू येत नाहीत म्हटल्यावर कंपनीच्या तंत्रज्ञाने ऑफिसातूनच हुकूम सोडून सर्व खांबांचे बोलणे सर्वांत सावकाश केले. सावकाश बोलले की लांबवर ऐकू जाते, हे खरेच आहे. पण जो निरोप आधी सेकंदाच्या पंधराव्या-विसाव्या भागात उरकत होता, त्याला आता दीड सेकंद लागू लागला. दोन दिवसांत उलटेच झाले. दूरचे तर नाहीतच, जवळचे खांबही गळू लागले, आणि रोज वेगवेगळे! सोमवारी पाच नंबरचा, मंगळवारी सतरा नंबरचा.

इथे वहीने वाट दाखवली. एकच खांब रोज गळत असता तर त्या खांबात दोष. रोज वेगळा गळतो म्हणजे खांबांचे आपापसात भांडण आहे. आम्ही हौसेने सगळ्या पेट्यांना एकच वेळ लावून दिली होती, तासाच्या ठोक्याला. एका गटात साठ खांब. निरोप छोटा होता तोवर घड्याळांच्या दोन-चार सेकंदांच्या मागेपुढे असण्याने निभावत होते. निरोप लांबल्यावर साठही जण एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागले. गेटवेला एका वेळी आठ जणांचे ऐकता येते, साठांचे नाही.

हे दुखणे नवे नाही, याचा इतिहास उसाच्याच मुलखातला आहे. बिनतारी लहरींवरून संगणकाचे आकडे पाठवणारे पहिले जाळे १९७१ साली हवाई बेटांवर सुरू झाले. तिथल्या विद्यापीठाची केंद्रे वेगवेगळ्या बेटांवर, आणि टेलिफोनच्या तारा महाग व बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रॅम्सन या प्राध्यापकांनी युक्ती काढली : ज्याला बोलायचे त्याने बोलावे, पोच आली नाही तर दुसऱ्याशी टक्कर झाली असे समजून, कमीजास्त वेळ थांबून पुन्हा बोलावे. सगळ्यांनी सारखाच वेळ थांबायचे नाही, नाहीतर पुन्हा टक्कर. या रीतीचा गणिताने हिशोब केला तेव्हा दिसले की असे मोकळे सोडल्यावर हवेतला जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. आपल्या शेतातले खांब त्याच रीतीची नातवंडे आहेत. हवाईत तेव्हा उसाचे मळेच मळे होते. पुढे एकेक कारखाना बंद पडत गेला आणि माउई बेटावरचा शेवटचा कारखाना २०१६ च्या डिसेंबरात थांबला. ऊस गेला, ही रीत मात्र जगभर पसरली.

आपल्या गव्हाणीचे पाहा ना. सगळ्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक पहाटे सहालाच आले तर काट्यावर काय होईल? म्हणून तर नंबर लावतो. आम्ही खांबांनाही नंबर लावले. एक नंबरचा पहिल्या मिनिटाला, दोनचा दुसऱ्या. सावकाश बोलण्याची मुभा फक्त दूरच्यांना. त्याच दिवशी जवळचे सगळे खांब परत आले. बॅटऱ्यांचाही जीव वाचला, कारण लांब निरोपाला वीजही तेवढीच जास्त लागते.

दूरच्यांसाठी मात्र उंची हाच उपाय होता. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन गेटवे गावच्या पाण्याच्या टाकीवर नेला. वळवाच्या विजा ध्यानात घेऊन स्वतंत्र अर्थिंग दिले. खांब साडेचार मीटरचे केले आणि, हे महत्त्वाचे, फडाच्या मधून काढून बांधावर आणले. कांड्यांची वायर काळ्या पाइपातून बांधापर्यंत नेली, त्यामुळे बांधणीच्या वेळी फाळात सापडणे आणि उंदीर-घुशींनी कुरतडणे दोन्ही कमी झाले. एका गावात टाकीजवळच मोबाइल टॉवर आहे. तिथे गेटवे लावताच कानठळ्या बसल्यासारखा बहिरा झाला, कारण ८६९ मेगाहर्ट्झपासून पुढे मोबाइल टॉवरांचा एक पट्टा सुरू होतो आणि तो आपल्या अगदी शेजारचा. शेजारच्या वरातीत कानगोष्ट ऐकू येत नाही. मधे गाळणी बसवावी लागली, ते काम कंपनीनेच केले आणि चांगले केले.

आता ज्यांचे म्हणणे आहे की हे सगळे उचलून भंगारात घाला, त्यांच्याशी थोडे बोलायचे आहे. त्यांचा एक मुद्दा आम्हाला पटतो. जाणता शेतकरी माती मुठीत दाबून वाफसा ओळखतो, आणि ती विद्या खांबाने विसरायला लावली तर खांब नकोच. पण मूठ वरच्या वीतभर मातीची. खाली दीड फुटावर पाणी साचते आहे की नाही ते मुठीला कळत नाही. कृष्णा-वारणेकाठी अतिपाण्याने मिठागरासारख्या पांढऱ्या पडलेल्या जमिनी आपण येता-जाता बघतो. त्या शेतकऱ्यांना काय माती ओळखता येत नव्हती? खालच्या कांडीचा आकडा त्यासाठी हवा.

दुसरे म्हणतात, प्रत्येक खांबात सिम टाका, ही लहरींची कटकटच नको. जिथे मोबाइलला चांगली रेंज आहे आणि खांब चार-पाचच आहेत, तिथे हे म्हणणे बरोबर आहे आणि आम्ही दोन ठिकाणी तसेच केले. पण मळ्यातल्या वस्त्यांवर फोन लावायला माणूस पाण्याच्या टाकीवर चढतो, तिथे खांबातले सिम काय करणार? आणि साठ खांबांचे साठ रिचार्ज दर महिन्याला कुणी भरायचे?

आमचे संचालक मंडळाला नम्र पण स्पष्ट सांगणे वेगळेच आहे. यंत्र कुणाचे घ्यायचे हा वाद दुय्यम आहे. दुरुस्ती कुणाच्या हातात राहणार, हा खरा प्रश्न. आज खांबांची मांडणी, त्यांचे पासवर्ड, कुठला खांब कुठल्या वेगाने बोलतो याचा तक्ता, हे सर्व पुरवठादाराकडे आहे. एक अँटेना बदलायची तर तिकडून माणूस येईपर्यंत पंधरा दिवस जातात, आणि एप्रिलमध्ये पंधरा दिवस म्हणजे एक पाळी. करार नव्याने होईल तेव्हा हे पासवर्ड व तक्ते कारखान्याच्या ताब्यात असावेत असे कलम घालावे. प्रत्येक गटात दोन चालू पेट्या, चार अँटेना, रबरी टेप आणि एक मीटर शिल्लक असावा. आणि प्रत्येक गटातून एक ओव्हरसियर व सभासदांच्या घरातला एक आय.टी.आय. झालेला मुलगा किंवा मुलगी, अशा दोघांना हे काम शिकवावे. वीज मंडळाचा वायरमन गावात नसतो तेव्हा आपण डीपीचे काय करतो ते इथे लिहीत नाही. पण यंत्राची भीती आपल्या पोरांना नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

त्या दोघांना आमचा एकच नियम असेल : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की वहीत तारखेसह लिहायची. अँटेना, बॅटरी आणि वेग तिन्ही एकदम बदलले आणि खांब बोलू लागला, तर तो कशाने बोलला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हीचा खर्च. पेटीच्या पडद्यावर सिग्नलच्या जोराचा उणे आकडा येतो, तोही लिहायचा. उणे ७० उत्तम, उणे ११० म्हणजे ओढाताण. दर तीन आकड्यांना जोर निम्मा होतो असे धरावे. हा आकडा जूनपासून दर पंधरवड्याला लिहिला तर ऊस वाढेल तसा सिग्नल खाली येताना डोळ्यांनी दिसतो आणि खांब गप्प होण्याच्या आधी महिनाभर कळते. आमच्याजवळ २०२४ ची अशी वही असती, तर त्या चार पेट्या बदलाव्या लागल्या नसत्या.

सभासदांकडेही मागणे आहे. खांबाला रेडकू बांधू नका. हसू नका, दोन ठिकाणी बांधलेले आम्ही पाहिले; अँटेना आडवी झाली, आणि उभ्या अँटेनाचे बोलणे आडवीला फार थोडे ऐकू येते. तोडणी आली की मुकादमाला खांब आणि पाइप दाखवा, पाइपाच्या वाटेवर लाल चिंध्या बांधा. टोळीचा कोयता त्याला उसापेक्षा वेगळा ओळखत नाही. पाचट पेटवणार असाल (पेटवू नये हे आम्ही दर अंकात सांगतोच) तर निदान पेटी उतरवून घ्या. आणि फोनवर "खांब गप्प आहे" असे आले तर चिडून फोन खिशात टाकू नका, गट ऑफिसला कळवा.

एप्रिलमधल्या त्या सभासदाच्या बांधावर खांब अजून आहे. काढून न्या म्हणेल असे आम्हाला वाटले होते. त्याने विहिरीच्या खोलीवर उंच पाइप उभा करायला उलट जागाच दिली. मात्र त्याच्या खोपीत एक लोखंडी गज टेकवलेला असतो. पाण्याची पाळी ठरवायच्या आदल्या दिवशी तो गज रानात चार ठिकाणी खुपसून पाहतो, आणि मग फोन बघतो. दोन्हींत फरक आला की आम्हाला हाक मारतो. आतापर्यंत दोनदा मारली. एकदा खांब चुकला होता, कांडीभोवतीची माती भेगाळून हवा शिरली होती. एकदा गज चुकला.

येत्या आडसाली लागणीपूर्वी राहिलेले सर्व खांब बांधावर घ्यायचे आहेत. ज्यांच्या विहिरीवर, घरावर किंवा गोठ्यावर उंच पाइप उभा करता येईल आणि जे त्यास राजी असतील, त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव व गट नंबर नोंदवावा. पाइप, अर्थिंग व मजुरी कारखान्याची राहील.

आपला,
ऊस विकास अधिकारी